पार्किंगमधली दहा मिनिटं

प्रश्न थोडक्यात असा : "वय ४१. नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये बारा वर्षं रिसेप्शनला आहे. घरी सासूबाई, मिस्टर आणि दहावीतला मुलगा. सगळे म्हणतात, तू असलीस की घर कसं भरल्यासारखं वाटतं. हळदीकुंकू असो की कुणाचं बारसं, पुढे मीच. पण गेलं वर्ष-दीड वर्ष आतून काही वाटतच नाही, नाहीतर नुसता राग येतो. हसत असते तेव्हा मनात भलतंच चाललेलं असतं. संध्याकाळी गाडी पार्किंगला लावली की दहा मिनिटं तशीच बसून राहते, मग चेहरा नीट करून वर जाते. सतरा वर्षांच्या संसारात ह्यांना एकदाही कळलं नाही. मॅडम, मी खोटी आहे का?"

ताई, "खोटी आहे का" हे जरा बाजूला ठेवू. आधी त्या दहा मिनिटांबद्दल बोलू.

नाशकात चोवीस वर्षं समुपदेशन करतेय. या दहा मिनिटांचे इतके प्रकार ऐकलेत की वही भरेल. सातपूरला कंपनीत असलेले एक सुपरवायझर सुट्टी झाल्यावरही गेटबाहेरच्या टपरीवर तासभर रेंगाळायचे, चहा एकच. गंगापूर रोडच्या एक आजी भाजी आणायला म्हणून निघायच्या आणि सोमेश्वरला नदीकाठी बसून रिकामी पिशवी घेऊन परतायच्या. पिंपळगावकडचे एक द्राक्षबागायतदार गोडी छाटणी उरकली तरी अंधार पडेपर्यंत बागेतच. (तपशील बदललेत, कुणी ओळखायचा प्रयत्न करू नये.) यांच्यातलं कुणीच लबाड नव्हतं. चेहरा घटकाभर उतरवून ठेवायला प्रत्येकाला एक खुंटी हवी होती, एवढंच. तुमची खुंटी पार्किंगमध्ये आहे. ती तुमची तुम्ही शोधलीत, हे मला चांगलं लक्षण वाटतं. ज्यांना अशी जागाच सापडत नाही त्यांची मला जास्त काळजी वाटते.

आता खोटेपणाचं. आपल्याकडे "पोटात एक, ओठात एक" हे सरसकट शिवीसारखं वापरतात. पण फसवणारा व्यापारीही पोटातलं लपवतो आणि आयसीयूबाहेर बसलेल्या बापासमोर आपला कंटाळा गिळणारी रिसेप्शनिस्टही लपवते. दोघांना एकाच म्हणीत कोंबलं की तुमच्यासारखी माणसं उगाच स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. भरताचं नाट्यशास्त्र या बाबतीत आपल्यापेक्षा समजूतदार आहे. त्यात सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांपैकी (म्हणजे मनात येऊन-जाऊन असणाऱ्या भावांपैकी) एक आहे 'अवहित्था', म्हणजे मनातला भाव बाहेर दिसू न देणं. त्याची कारणं दिलीत ती लाज, भीती, हार, मोठ्यांचा मान आणि कपट. कपट आहे, पण पाचांतलं एक. आणि त्याच्या खुणांमध्ये विषय बदलून भलतंच बोलणं आणि 'कृतकधैर्य', म्हणजे उसना आणलेला धीर, हेही आहे. मला यातली सगळ्यात पटलेली गोष्ट ही, की लपवणं हासुद्धा तिथे एक भावच मानलाय. तुमच्या 'खऱ्या' भावनेवर घातलेलं ते नुसतं झाकण नाही. तुम्ही सासूबाईंसमोर हसता तेव्हा त्यात राग असतो, तसा मानही असतो, घर शांत राहावं ही इच्छाही असते. राग तेवढा खरा आणि बाकीचं खोटं, असं कुणी ठरवलं?

त्याच ग्रंथात आठ सात्त्विक भाव आहेत: घाम, कंप, आवाज बदलणं, रंग उडणं, अश्रू वगैरे. शरीर जे बोलून जातं ते. लपवालपवी किती चालेल याची हद्द तिथे आहे. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैज लावते की संध्याकाळी तुमचा घसा दुखतो नाहीतर खांदे भरून येतात.

या अंदाजाला आधार आहे. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना अंगावर काटा आणणारी वैद्यकीय दृश्यं दाखवली. काहींना नुसतं बघायला सांगितलं, काहींना सांगितलं की मनात काय चाललंय ते बघणाऱ्याला कळता कामा नये. दुसऱ्या गटाचे चेहरे खरंच बरेच कोरे राहिले. पण किळस वाटायची तेवढीच वाटली, आणि तळव्यांचा घाम, बोटांतल्या रक्तवाहिन्यांचं आकसणं अशा शरीरातल्या काही खुणा उलट वाढल्या. म्हणजे चेहरा बंद केला तरी आतली भट्टी चालूच राहते, वर दार दाबून धरायचे कष्ट वेगळे. तुमचं हे बारा वर्षं, आठवड्याचे सहा दिवस चाललंय. थकाल नाहीतर काय.

तुमच्या नोकरीत तर हसणं हे कामच आहे, फक्त पगाराच्या स्लिपवर त्याची ओळ नसते. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉशिल्ड यांनी हवाईसुंदरींच्या कामाचा अभ्यास करून १९८३ साली याला 'भावनिक श्रम' असं नाव दिलं. त्यांनी केलेला एक भेद मला क्लिनिकमध्ये रोज लागतो. एक वरवरचा अभिनय: आत चीड, बाहेर हसू, दोन्ही एकाच वेळी. दुसरा खोलवरचा: समोरच्याकडे बघायची नजरच फिरवायची, मग हसू ओढून आणावं लागत नाही. बिलावरून तुमच्या अंगावर ओरडणाऱ्या माणसाला "काय उद्धट आहे" असं मनात म्हणत हसणं निराळं, आणि "याची आई आत ऑक्सिजनवर आहे, याला ओरडायला माझ्याशिवाय दुसरं कुणी सापडलेलं नाही" असं स्वतःला सांगून बोलणं निराळं. पुढच्या अनेक अभ्यासांत दिसलं की थकून कोरडं पडण्याचं नातं पहिल्या प्रकाराशी जास्त आहे. तुम्ही लिहिलंय तसं "आतून काही वाटतच नाही" हे त्या कोरडेपणाचंच वर्णन वाटतं मला.

इथे थोडं कडू बोलते. हे खोलवरचं प्रकरण मालक लोकांना फार आवडतं. ट्रेनिंग ठेवतात, भिंतीवर हसऱ्या चेहऱ्याचं पोस्टर लावतात, आणि काउंटरवर दोन माणसांचं काम एकीकडूनच करून घेतात. दिवसाला शंभर माणसांकडे करुणेनं बघायला आपण काही संत नाही. तेव्हा मनाची कसरत करायच्या आधी ड्युटीचं बघा. दोन तासांनी दहा मिनिटं काउंटर सोडता येतं का? आठवड्यातले दोन दिवस फाइलींचं किंवा विम्याच्या कागदपत्रांचं काम मागता येईल का, जिथे माणसाचं तोंड बघावं लागत नाही? बारा वर्षांच्या माणसाला एवढं मागायचा हक्क आहे. बऱ्याच जणी मागतच नाहीत, कारण "तुला काय, तू तर हसतमुख" हे सर्टिफिकेट हातातून जाईल अशी भीती असते.

आता घराकडे वळते, कारण तुमच्या प्रश्नातलं खरं दुखणं शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. "सतरा वर्षांत ह्यांना एकदाही कळलं नाही." खोटी आहे का हे तुम्ही मला विचारलंत, पण रागावलायत त्यांच्यावर.

नीट बघा काय होतंय. तुम्ही दहा मिनिटं बसून, डोळे पुसून, केस नीट करून, चेहऱ्यावरची एकूणएक खूण मिटवून जिना चढता. आणि वर गेल्यावर वाट बघता की मिटवलेलं कुणीतरी वाचावं. दोन्ही कामं तुम्ही जीव तोडून करता, पण ती एकमेकांविरुद्ध आहेत.

आपल्या मनातलं समोरच्याला दिसतच असणार, हा भ्रम तुमचा एकट्याचा नाही. टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली यावर प्रयोग केले. एकात लोकांना काही चांगली आणि काही घाण चवीची पेयं एकामागून एक प्यायला दिली आणि चेहरा अजिबात बदलू द्यायचा नाही असं सांगितलं. पिणाऱ्यांना वाटलं, बघणाऱ्या बऱ्याच जणांना आपलं बिंग कळणार. त्यांच्या अंदाजापेक्षा कमी जणांना कळलं. आतून एखादी गोष्ट इतकी ढळढळीत जाणवत असते, की बाहेरून ती दिसत नसेल यावर विश्वासच बसत नाही. मग दिसत असूनही हा विचारत नाही, असा हिशोब होतो. आणि त्यावर सतरा वर्षांचं व्याज चढतं.

बाकी मी तरी मोठी शहाणी कुठली? प्रॅक्टिसची पहिली दोन-तीन वर्षं असतील. एक शिक्षिका यायच्या. येताना कधी गजरा, कधी बुधा हलवाईची जिलबी. दारातूनच हसत यायच्या, वर्गातल्या मुलांचे किस्से सांगून मलाच हसवायच्या. दोनदा मी केसपेपरवर "बरीच सुधारणा" असं लिहिलं. तिसऱ्या वेळी सहज विचारलं, रात्री जेवण काय करता? म्हणाल्या, करत नाही, दोन महिने झाले, एकटीसाठी गॅस पेटवावासा वाटत नाही. ज्या बाईचं काम चेहऱ्यामागचं बघायचं, तिला दोन भेटींत कळलं नाही. तुमचे मिस्टर तर दिवसभर स्वतःचाच चेहरा सांभाळून घरी येत असतील. तेव्हापासून मी चेहरा बघून काही लिहीत नाही. झोप, भूक, आंघोळ, फोन उचलता का, हे विचारते.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूनं. एमिली बटलर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली अनोळखी बायकांच्या जोड्या केल्या, त्यांना मन हलवणारा माहितीपट दाखवला आणि त्यावर बोलायला बसवलं. काही जोड्यांत एकीला गुपचूप सांगितलं होतं की भावना दाखवायच्या नाहीत. तर तिच्यासमोर बसलेल्या बाईचा रक्तदाब वाढला, जिला यातलं काहीच माहीत नव्हतं. लगेच घाबरू नका. याच गटाच्या २००७ च्या अभ्यासात, आशियाई मूल्यं जास्त मानणाऱ्या बायकांनी भावना दाबल्या तेव्हा बोलण्या-वागण्यावरचे दुष्परिणाम कमी दिसले. मोठ्यांसमोर गप्प बसण्याचा अर्थ आपल्याला लहानपणापासून माहीत असतो, त्यामुळे ते तितकं खुपत नसावं. तरीही "काय झालं?" "काही नाही" या दोन वाक्यांनंतर घरातली हवा कशी जड होते हे तुम्ही मला सांगायला नको. त्यांना काय झालंय ते कळत नसतं, पण काहीतरी झालंय हे अंगाला जाणवत असतं. मग ते टीव्हीचा आवाज वाढवतात. तुम्हाला वाटतं, बघा, काही पडलेलीच नाही.

तर करायचं काय? हे सगळं चव्हाट्यावर मांडा, असं मी म्हणणार नाही. हल्ली "मनात येईल ते बोलून टाका" असा सल्ला फार स्वस्त झालाय. "झाकली मूठ सव्वा लाखाची" म्हणणारे आपले लोक मूर्ख नव्हते. भिशीत, सोसायटीच्या ग्रुपवर, नणंदेच्या घरच्या बारशात मूठ झाकलेलीच बरी. पण एका माणसासमोर उघडायला हवी. बोललेलं चौथ्या माणसाच्या तोंडून आपल्याकडे परत येत नाही, असा एक माणूस पुरतो. तुमच्या लिहिण्यावरून तरी तो नवराच असावा असं तुम्हाला वाटतंय.

आणि त्यांना सांगायला मोठं भाषण लागत नाही. मी इथल्या लोकांना एक इथलीच युक्ती देते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक काय विचारतं? "मारुतीला कुठपर्यंत आलं?" गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. पिढ्यान्‌पिढ्या शहराचा पूर या मूर्तीवर मोजला जातोय. पूर किती आहे ते मारुतीच्या चेहऱ्यावरून कुणी ठरवत नाही, पाणी बघतात. तुम्हीही तेच करा. "मला कसं वाटतंय ते समजून घ्या" असं म्हटलं की साधा माणूस गांगरतो, भांडणाची तयारी करतो. त्यापेक्षा एकदा बसून ही मोजपट्टी सांगून ठेवा. घोट्यापर्यंत म्हणजे नेहमीचा दिवस. कमरेपर्यंत म्हणजे आज मला अर्धा तास कुणी हाक मारू नका. गळ्यापर्यंत म्हणजे स्वयंपाक बाहेरून मागवा आणि माझ्याजवळ बसा, उपाय सुचवू नका. मग पार्किंगमधूनच मेसेज टाकायचा: "आज कमरेपर्यंत." दोन शब्द. त्यात कुणावर आरोप नाही, सासूबाईंच्या नजरेला पडला तरी कळणार नाही. एका जोडप्याने तर त्यात भर घातली होती. नवरा उलट मेसेज करायचा, "इकडेही छातीला आहे." त्या दिवशी दोघं बाहेर मिसळ खाऊन मगच घरी जायचे.

लिहिण्याचा उपयोग होतो का, हे मला बऱ्याचदा विचारतात, म्हणून एवढंच. जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ मधल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या सर्वांत त्रासदायक अनुभवाबद्दल लिहिलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. लिहून उठल्यावर लगेच मात्र त्यांना जास्तच वाईट वाटलं होतं, हे लक्षात ठेवा. म्हणजे रात्री झोपण्याआधी लिहू नका. वही घरात ठेवायची भीती वाटत असेल तर लिहून फाडून टाका.

दोन ठिकाणी माझं वरचं सगळं लागू होत नाही. पहिलं: घरात चेहरा सांभाळण्यामागे भीती असेल, हात उगारला जात असेल, बोललं तर पैसे बंद होतील किंवा माहेर तुटेल अशी धमकी असेल, तर ते हसू ही तुमची ढाल आहे. मी सांगते म्हणून ती खाली ठेवू नका. आधी महिलांसाठीच्या १८१ वर बोला, तातडी असेल तर ११२. तुमच्या लिहिण्यात तसं काही दिसत नाही, पण हे वाचणारी दुसरी कुणी असेल.

दुसरं तुमच्यासाठीच आहे. "आतून काही वाटतच नाही" हे वाक्य मला सोडवत नाहीये. पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप लागत नाही का? आवडीचं काही, गाणं म्हणा, पाणीपुरी म्हणा, बेचव झालंय का? आपण नसतो तर बरं, असा विचार ओझरता तरी येऊन जातो का? दोन आठवड्यांहून जास्त यातलं बरंचसं चालू असेल, तर हा स्वभावाचा किंवा संसाराचा प्रश्न राहत नाही. तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. हसऱ्या माणसांचं निदान उशिरा होतं, कारण डॉक्टरसमोरही ती हसतात. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. मरणाचा विचार येत असेल तर आजच फोन करा, माझं पुढचं उत्तर येईपर्यंत थांबू नका. शिवाय ४१ वय आहे, तेव्हा थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या, पाळीत काही बदल झालाय का तेही डॉक्टरांना सांगा. हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्यांनी स्वतःचं रक्त कधीच तपासलेलं नसतं, हा माझा जुना अनुभव.

शेवटी, मिस्टरांशी बोलाल तेव्हाची एक तयारी. त्यांचं पहिलं उत्तर चुकणार आहे. "डोकं दुखतंय का? गोळी घे." किंवा "सोड मग नोकरी." किंवा, सगळ्यात टोचेल ते, "अगं मग आधी नाही का सांगायचंस!" त्या क्षणी तुम्हाला नेहमीसारखं हसून "जाऊ दे" म्हणावंसं वाटेल. म्हणू नका. गप्प राहिलात तरी चालेल, पण चेहरा नीट करू नका. सतरा वर्षांत त्यांनी तो तसा पाहिलेला नाही. त्यांना बघायला थोडा वेळ द्या. आणि रविवारी सुरू करू नका, घरात पाहुणे असतात. मधला एखादा वार बघा, मुलगा क्लासला आणि सासूबाई देवळात गेलेल्या असतील असा. काय म्हणाले ते मला कळवा.